हाक ऐकणारे कान: पनामाच्या पावसाळी जंगलातून

सोमवार, गांबोआ

गांबोआत उतरलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. रस्त्याकडेच्या चरांत, गाड्यांच्या चाकोऱ्यांत, जिथे जागा मिळेल तिथे पाणी साचलेलं. गावाला लागूनच पनामा कालवा वाहतो आणि झाडांच्या शेंड्यांमागून अजस्र जहाजं सरकताना दिसतात. आम्ही खोलीत सामान टाकलं आणि डबकी शोधायला निघालो.

ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो तो टुंगारा बेडूक जेमतेम तीन सेंटिमीटरचा. मातकट रंग, खरखरीत पाठ. दिवसा पायाशी बसला असला तरी दिसणार नाही. अंधार पडला की नर पाण्यावर तरंगत गळ्याची पिशवी फुगवतो आणि हाक घालतो. आधी वरून खाली घसरत येणारा एक सूर, साधारण ९०० हर्ट्झपासून ४०० हर्ट्झपर्यंत, सेकंदाच्या एक तृतीयांशाइतका. त्याच्या शेपटीला कधी एक, कधी दोन-तीन तुटक ‘चक्’. डबक्यात एकटाच असेल तर तो बहुधा नुसत्या सुरावर भागवतो. शेजारी दुसरा नर ओरडू लागला की याचे ‘चक्’ सुरू होतात. मादीला ‘चक्’वाली हाक जास्त आवडते.

मग प्रत्येक नर सदासर्वकाळ ‘चक्’ का जोडत नाही? हा प्रश्न घेऊन मायकेल रायन हे संशोधक १९७८ मध्ये पनामात आले. उत्तराचा मोठा भाग वरून, अंधारातून उडत आला. झालरदार ओठांचं एक वटवाघूळ याच हाकेचा माग काढत येतं आणि बेडूक उचलून नेतं. तेही ‘चक्’वाल्या हाकेकडेच जास्त ओढलं जातं. शिवाय बेडकांचं रक्त पिणारी चिलटंही हाक ऐकूनच येतात. हाक एकच, पण ती ऐकणारे कान मादीचे, प्रतिस्पर्धी नराचे, वटवाघळाचे आणि चिलटांचे. आमच्या माहितीपटाचा कणा हाच होता.

पहिल्या रात्री कॅमेरा पेटीतून काढायचा नाही असं ठरवूनच आलो होतो. फक्त ऐकायचं. आमचा ध्वनिमुद्रक मायक्रोफोन घेऊन चराच्या काठी बसला आणि मी वहीत वेळ, पाण्याचं तापमान, मायक्रोफोनपासून बेडकाचं अंतर लिहीत गेले. अंतराची नोंद नसेल तर आवाज किती मोठा होता हे नंतर सांगता येत नाही आणि ती ध्वनिफीत पार्श्वसंगीतापलीकडे कुणाच्याच कामाची उरत नाही. जीवशास्त्र शिकून चित्रपटाकडे आलेल्या माणसाचा पहिला उपयोग मला इथेच दिसतो. आपण जे टिपतो त्याला उद्या कुणीतरी प्रश्न विचारणार आहे, हे त्याच्या हातात मुरलेलं असतं.

मंगळवार, बारो कोलोराडो

सकाळी होडीने बेटाकडे. हे बेट कालव्यानेच घडवलं. चाग्रेस नदीवर धरण बांधलं, गातुन तलाव भरत गेला आणि १९१३-१४ च्या सुमारास भोवतालच्या दऱ्या बुडून एका टेकडीचा माथा पाण्याबाहेर राहिला. आकार सुमारे १,५०० हेक्टर. १९२३ मध्ये ते संशोधनासाठी राखलं गेलं, १९४६ पासून स्मिथसोनियन या अमेरिकी संशोधनसंस्थेच्या देखरेखीखाली आहे. उष्ण कटिबंधातल्या ज्या जंगलांचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला, त्यांत याचं नाव अगदी वर घ्यावं लागतं.

धक्क्यापासून पायऱ्या चढताना डोक्यावर हाउलर माकडांनी घसा मोकळा केला. १९३१ मध्ये क्लॅरेन्स रे कार्पेंटर इथे आले, याच जातीच्या माकडांच्या टोळ्यांमागे फिरले आणि रानातल्या माकडांच्या पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात तिथून झाली असं मानतात. मला मात्र बेटावर सगळ्यांत जास्त आठवत होते फ्रँक चॅपमन. पक्षिशास्त्रज्ञ माणूस. १९२० च्या दशकात त्यांनी इथल्या पायवाटांवर तार ताणून कॅमेरे लावले. रात्री प्राण्याचा पाय तारेला लागला की झगझगाट व्हायचा आणि प्राण्याने स्वतःचं छायाचित्र काढलेलं असायचं. प्यूमा आणि ऑसेलॉट ही रानमांजरं त्यांनी अशी टिपली, अंगावरच्या खुणांवरून एकेक प्राणी ओळखण्याचा प्रयत्न केला आणि १९२७ मध्ये ती छायाचित्रं नॅशनल जिऑग्राफिकच्या वाचकांपुढे ठेवली. संशोधन, कॅमेरा आणि लोकांना सांगणं, तिन्ही कामं एकाच माणसाने, शंभर वर्षांपूर्वी, याच चिखलात केली. हा पेशा नव्या जमान्याचा आहे असं कुणी म्हणालं की मला चॅपमन आठवतात.

दुपारी पन्नास हेक्टरच्या त्या प्रसिद्ध पट्ट्याच्या कडेने चाललो. स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आखला. छातीच्या उंचीवर ज्याची जाडी एक सेंटिमीटर किंवा जास्त आहे असं प्रत्येक झाड-झुडूप मोजलेलं, क्रमांक दिलेलं, नकाशावर मांडलेलं. पहिल्या फेरमोजणीपासून दर पाच वर्षांनी पुन्हा मोजणी. दोन लाखांहून जास्त खोडं, सुमारे ३०० जाती. बोटाएवढ्या रोपट्याला लटकणारा बिल्ला पाहून आमची कॅमेरा सहायक थबकली. परिस्थितिकीचं शिक्षण नुकतंच संपवून ती आमच्यात आली आहे. तिने विचारलं, “ताई, हे पडद्यावर कसं दाखवायचं? यात घडत तर काहीच नाही.”

तिचा प्रश्न अगदी वर्मावरचा. बिल्ल्याचं दृश्य दोन सेकंदांत संपतं, त्यामागची चाळीस वर्षं दिसत नाहीत. आम्ही त्या रोपट्याच्या क्रमांकापासून सुरुवात करून कॅमेरा हळूहळू वर नेला, शेजारच्या बिल्ल्यावर, मग त्याच्या पुढच्या, आणि बिल्ले संपतच नाहीत असं एकच सलग दृश्य घेतलं. निवेदनात फक्त पट्ट्याचं क्षेत्रफळ सांगायचं. बाकी बघणाऱ्याला कळतं.

त्याहून अवघड गोष्ट याच वाटेवर भेटली, आणि ती चित्रित करता येत नाही. बेट सुटं झाल्यावर इथले जमिनीलगत वावरणारे कित्येक पक्षी हळूहळू नाहीसे झाले. एडविन विलिस यांनी १९६० च्या दशकात लष्करी मुंग्यांनी हुसकावलेले किडे टिपत त्यांच्या मागे फिरणाऱ्या ऑसेलेटेड अँटबर्ड या पक्ष्याचा बेटावर अभ्यास केला. त्यांच्या डोळ्यांदेखत तो कमी होत गेला आणि बेटावरून संपला. पाण्यापलीकडच्या मुख्य भूमीवरच्या जंगलात तो आजही आहे. इथे हिरवळ तितकीच दाट, माकडं तितकीच बोलकी, पडद्यावर हे जंगल अगदी परिपूर्ण दिसेल. कॅमेऱ्याला जे आहे तेवढंच दिसतं. काय असायला हवं होतं हे फक्त जुन्या नोंदी सांगतात. आम्ही त्या जागी मुंग्यांची रांग चित्रित केली, तिच्यामागे पक्षी नसलेली, आणि मुख्य भूमीवरच्या जंगलातली मुंग्यांची रांग तिच्या शेजारी लावायचं ठरवलं.

बुधवार, पुन्हा गांबोआ

दिवसभर पाऊस. कपडे वाळत नाहीत, भिंगांवर बाष्प धरतं, वाळवणीच्या पुड्यांची मोजदाद चाललेली. सांगण्यासारखं सगळं रात्री घडलं.

बेडूक आणि वटवाघूळ दोघांनाही न दिसणारा प्रकाश हवा होता, म्हणून इन्फ्रारेड दिवे. त्यांतही ८५० नॅनोमीटरच्या दिव्याची काच अंधारात किंचित लाल दिसते. ९४० चा दिवा तेवढाही दिसत नाही, पण त्याला कॅमेरा कमी संवेदनशील असतो, म्हणून चित्रात दाणे येतात. आम्ही ९४० घेतला. चित्र जरा खरखरीत आलं तरी चालेल, बेडकाने आपल्यासाठी वागणं बदललेलं चालणार नाही.

दिवा कुठे ठेवायचा हे मात्र एका शोधनिबंधाने ठरवलं. हाक घालताना बेडकाचं फुगणारं शरीर पाण्यावर तरंग उठवतं. वर वटवाघळाची चाहूल लागली की तो तत्काळ गप्प होतो, पण उठलेले तरंग आणखी काही सेकंद पसरत राहतात, आणि वटवाघूळ आपल्या प्रतिध्वनींनी ते तरंग हेरतं. वाउटर हाल्फवेर्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे दाखवलं. म्हणजे आम्हाला बेडकाइतकंच पाणी दाखवायचं होतं. वरून प्रकाश टाकला तर पाणी काळं ठार दिसतं. दिवा जवळजवळ जमिनीला टेकवून, पाण्याच्या पातळीवर एका बाजूने लावला आणि प्रत्येक हाकेबरोबर चंदेरी वर्तुळं उमटताना दिसायला लागली. दिग्दर्शिकेने माझा हात घट्ट धरला होता, शब्द कुणाच्याच तोंडातून फुटेना.

मग सगळं डबकं एकाएकी गप्प झालं. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण वर्तुळं तशीच सरकत काठापर्यंत गेली, त्यांतली एक साचलेल्या पानाला लागून मोडली. त्या वेळी वर खरंच वटवाघूळ होतं का, हे आमच्या चित्रात नाही. म्हणून निवेदनातही ‘वटवाघूळ आलं’ असं म्हणायचं नाही, असं तिथेच ठरलं. म्हटलं असतं तर कुणाला शंका आली नसती. पण प्राण्यांच्या माहितीपटात असं एक वाक्य सुटलं की पुढच्या खऱ्या वाक्याची किंमतही उतरते.

पहाटे पहाटे एक जोडी दिसली. मादी पाण्यात अंडी सोडतेय आणि पाठीवरचा नर मागच्या पायांनी घुसळून घुसळून पांढरा फेस काढतोय. अंडी त्या फेसात राहतात. फेसातली प्रथिनं त्याला टिकवतात, जंतूंपासून अंड्यांचं रक्षण करतात. उन्हातही तो कित्येक दिवस विरघळत नाही. तांबडं फुटेपर्यंत कॅमेरा चालू ठेवला.

गुरुवार

आज ती झालरदार ओठांची वटवाघळं. संशोधन केंद्राच्या मोठ्या जाळीबंद पिंजऱ्यात, जिथे त्यांच्यावर श्रवणाचे प्रयोग चालतात. काही रात्रींपुरती ठेवून त्यांना पकडलेल्या जागीच सोडून देतात.

या जातीची गोष्ट वटवाघळांचे अभ्यासक मर्लिन टटल यांच्याशिवाय सांगता येत नाही. बारो कोलोराडोवर त्यांच्या जाळीत तोंडात बेडूक धरलेलं वटवाघूळ सापडलं. ते बेडकांच्या हाका ऐकून येत असावं, हा तर्क त्यांनी आणि रायन यांनी ध्वनिवर्धकावर हाका वाजवून तपासला. १९८१ मध्ये ‘सायन्स’ मध्ये तो निबंध आला. पण टटल यांचं दुसरं काम मला तितकंच मोठं वाटतं. तोवर वटवाघळांची छायाचित्रं म्हणजे दात विचकलेले, चिडलेले चेहरे. हातात आवळून धरलेलं घाबरलेलं जनावर दुसरं काय करणार? त्या चेहऱ्यांवरून लोक साऱ्या जातीचा स्वभाव ठरवत. टटल स्वतः छायाचित्रण शिकले, वटवाघळांना हाताची सवय केली, ती शांतपणे आपलं काम करताना कशी दिसतात ते जगाला दाखवलं. १९८२ मध्ये त्यांनी ‘बॅट कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल’ ही वटवाघळांच्या संवर्धनाची संस्था स्थापन केली. पुढे टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात एका पुलाखाली लाखो वटवाघळांनी मुक्काम केला, लोक त्यांचा नायनाट मागत होते, तेव्हा त्यांनी शहराची समजूत घातली. आज तीच वटवाघळं संध्याकाळी बाहेर पडताना बघायला लोक गर्दी करतात. संवर्धनाचं संप्रेषण म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी याच पुलाचं नाव घेते. तिथे कुणाला दया दाखवायला सांगितलं नव्हतं. भीती कशामुळे वाटते ते ओळखून तिच्याच मुळाशी काम केलं होतं.

पिंजऱ्यात संशोधक तरुणीने अंधारात ध्वनिवर्धकावर हाक वाजवली. पानावरून झेप, दोन-तीन पंखफटकारे, आणि वटवाघूळ ध्वनिवर्धकाच्या जाळीवरचा माशाचा तुकडा उचलून परत आपल्या जागी. इतका कमी वेळ लागला की डोळ्यांनी काही पाहिलं असं म्हणवत नाही. बहुतेक वटवाघळांना एवढे खालचे सूर नीट ऐकू येत नाहीत. याचे कान बेडकाच्या हाकेइतके खाली पोहोचतात. आणि स्मरणशक्ती! मोबाइलच्या रिंगटोनला खाऊशी जोडायला शिकवलेली काही वटवाघळं रानात सोडली आणि चार वर्षांपर्यंतच्या अंतराने पुन्हा सापडली, तेव्हाही तो सूर ऐकताच ती झेपावली. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

इथे आमच्यात वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. दिग्दर्शिकेला बेडूक उचलतानाचा क्षण हवा होता. पिंजऱ्यात जिवंत बेडूक सोडला तर तो तासाभरात मिळेल. मी नको म्हणाले. संशोधनाच्या प्रश्नासाठी जे करावं लागतं त्याला परवानगी घेतलेली असते, संख्या ठरलेली असते, उत्तर मिळणार असतं. आमच्या दृश्यासाठी एका बेडकाला मारायला यांतलं एकही कारण नव्हतं. शेवटी प्रयोगात वापरतात तोच नकली बेडूक, हवेने फुगणाऱ्या गळ्याचा, पाण्याच्या तबकात ठेवला आणि वटवाघूळ त्याच्यावर झेपावताना टिपलं. पडद्यावर ‘संशोधन केंद्रातील पिंजऱ्यात चित्रित, बेडकाची प्रतिकृती’ अशी ओळ त्याच दृश्यावर येईल, शेवटच्या श्रेयनामावलीत लपवलेली नाही. आता दिग्दर्शिकाच म्हणते की नकली बेडकामुळे गोष्ट जास्त चांगली कळते. माणसाने प्रश्न कसा विचारला तेही त्यात दिसतं.

शुक्रवार

आज बूट निर्जंतुक करून, हात धुऊन, दोन दारं ओलांडून बेडकांच्या वाचवणुकीच्या केंद्रात. जहाजांवरच्या मालाच्या पेट्या, म्हणजे कंटेनर, बदलून त्यांच्या खोल्या केलेल्या आहेत; आत काचेच्या टाक्या, ओल, थंडावा. कालव्यातून रोज असेच कंटेनर जातात आणि इथे तसल्याच काहींत संकटात सापडलेल्या पनामाच्या बेडकांचा उरलेला वंश सांभाळला जातो.

पनामाचा सोनेरी बेडूक हे या देशाचं मानचिन्ह. लॉटरीच्या तिकिटावरही तो असतो. धबधब्यांच्या गोंगाटात आवाज पोहोचत नाही म्हणून हा हात हलवून एकमेकांना खूण करतो. २००६ मध्ये बीबीसीच्या चमूने रानातल्या शेवटच्या काही बेडकांचं हे हात हलवणं चित्रित केलं. कायट्रिड बुरशी तोवर पश्चिमेकडून डोंगर ओलांडत आली होती. ती बेडकाच्या कातडीत शिरते, क्षारांची देवघेव बिघडते आणि हृदय बंद पडतं. मध्य पनामातल्या एल कोपेच्या जंगलात ती २००४ मध्ये पोहोचली आणि बेडकांच्या जातीच्या जाती काही महिन्यांत दिसेनाशा झाल्या. संशोधक केरन लिप्स आणि त्यांचे सहकारी ती येणार हे ओळखून आधीपासून मोजणी करत होते, म्हणूनच तो विनाश आकड्यांत नोंदला गेला. जगभरात या बुरशीने किमान ५०१ जातींची संख्या घटवली, त्यांतल्या ९० नामशेष झाल्या असाव्यात, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. सोनेरी बेडूक रानात २००९ च्या सुमारास शेवटचा दिसला.

काचेपलीकडे एक होता. पिवळाधमक, काळे ठिपके, सावकाश चालणारा. कॅमेरा लावायला मला वेळ लागला, कारण नजर हटत नव्हती. बीबीसीच्या त्या चित्रफितीमुळे एक अख्खं वर्तन आपल्याकडे उरलं. पण बेडूक उरले ते या टाक्यांमुळे, त्यांच्यासाठी रोज कीटक वाढवणाऱ्या, पाण्याची तपासणी करणाऱ्या, सुट्टीच्या दिवशीही येणाऱ्या माणसांमुळे. आमच्या पेशातल्या लोकांनी याची आठवण ठेवली पाहिजे. म्हणून आज बेडकांपेक्षा जास्त वेळ आम्ही त्या हातांचं चित्रीकरण केलं: माश्यांच्या बरण्या भरणारे, टाकी पुसणारे, वजनकाट्यावर एक छोटा जीव ठेवणारे.

सहायकेने परतताना विचारलं, “मग मी आधी काय शिकू, ताई? कॅमेरा की पुढचं शिक्षण?” मी तिला सांगितलं, एक प्राणी निवड आणि त्याच्यामागे पुरा एक पावसाळा घालव, वही, आवाज आणि कॅमेरा तिन्ही घेऊन. पदवी घेतलीस तर चांगलंच, पण शोधनिबंध मुळातून वाचायची सवय लागलीच पाहिजे, नाहीतर आयुष्यभर दुसऱ्याने सांगितलेली गोष्टच चित्रित करत राहशील. लिहायला शीक. निवेदनाचं एक वाक्य पाच सेकंदांत बसवायचं असतं आणि ते खोटंही होऊ द्यायचं नसतं. कॅमेऱ्याहून ते कठीण. पैशांचंही बोललो. सलग काम मिळत नाही, दोन प्रकल्पांमध्ये मोठी पोकळी पडते, बरेच जण शिकवण्याचं किंवा संशोधन प्रकल्पांवर सहायकाचं काम करून ती भरतात. तिने सगळं वहीत लिहून घेतलं.

शनिवार, पनामा शहर

शहरातही टुंगारा आहेत, गटारांत, बांधकामांच्या खड्ड्यांत. शहरातल्या नरांच्या हाकांत ‘चक्’ जास्त, कारण वटवाघळं आणि चिलटं कमी. हाल्फवेर्क आणि सहकाऱ्यांनी शहरी नर जंगलात नेले तर त्यांनी हाक साधी केली. जंगलातले नर शहरात आणले तर त्यांना ती तितकी वाढवता आली नाही. दिव्यांच्या उजेडात, गाड्यांच्या आवाजात, एका पुलाखालच्या डबक्यावर आम्ही हे शेवटचं ध्वनिमुद्रण केलं. ऐकणारे बदलले की बोलणारा बदलतो, हे इथे उघड्या कानांनी ऐकू येतं.

रात्री उशिरापर्यंत सारं चित्रीकरण उतरवून घेतलं आणि प्रत्येक फीतीला ठिकाण, वेळ, तापमान, अंतर जोडलं. बुधवारची रात्र बघताना संशोधक तरुणीने पडदा थांबवायला सांगितला. हाक घालणाऱ्या एका नराच्या पाठीवर तीन ठिपके, आणि ते पुढे सरकत होते. चिलटं. ती बेडकाच्या पाठीवर उतरतात आणि चालत नाकपुड्यांपर्यंत जाऊन तिथे चावतात. आम्ही पाण्याच्या तरंगांत गुंतलो होतो, ती आमच्या नजरेतून निसटली होती. तिला ती पूर्ण रात्र हवी होती, संकलन न केलेली, कंटाळवाणी, तासन्‌तास काहीच न घडणारी. चिलट किती वेळाने उतरतं, त्या वेळी हाकेत किती ‘चक्’ असतात, हे तिला मोजायचं आहे.

हार्ड डिस्कची दुसरी प्रत तिच्यासाठी काढली. माहितीपटात त्या रात्रीची जेमतेम दोन मिनिटं येतील. मोजणी सुरू झाली की ती आम्हाला कळवणार आहे, आणि तिचे आकडे निवेदनाशी जुळले नाहीत तर निवेदन बदलायचं, एवढं दिग्दर्शिकेने आत्ताच मान्य केलं आहे.